कुसुमच्या आवाजाची व इतर मिळकतीची व्यवस्था

मी, अंबादास डोमाजी वासनिक, वय बहात्तर, निवृत्त सरकारी नोकर, राहणार राइट टाउन, जबलपूर, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र करतो. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कोणाचा दबाव नाही, कोणी फूस लावलेली नाही. वकील म्हणाले, "वासनिकजी, हिंदी में लिखवा लीजिए, आसान रहेगा." मी म्हटले, भैया, नोकरीभर ऑफिसात हिंदी लिहिली, आता जाताना तरी घरच्या भाषेत लिहू द्या.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझा मुलगा रत्नाकर याच्या लॅपटॉपवर त्यातले एक 'फायनल' या नावाने पडले आहे. ते फायनल नाही. या नावाची कोणतीच फाइल कधी फायनल नसते, हे पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज पडू नये.

कलम १. राइट टाउनचे घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे आहे. ते मुलगी नर्मदा, राहणार खमरिया, आणि मुलगा रत्नाकर, राहणार पुणे, या दोघांना समान हक्काने द्यावे. विकायचे ठरले तर माझी हरकत नाही. राउटरचा पासवर्ड मात्र घेणाऱ्याला सांगू नये. त्याने स्वतःचा ठेवावा, आणि त्यात स्वतःची जन्मतारीख घालू नये.

कलम २. बँकेतील ठेवीही दोघांच्या. ओटीपी कोणालाही सांगू नये. हे वाक्य मी कुटुंबाच्या ग्रुपवर इतक्यांदा टाकले की माझा मेहुणा शालिग्राम मला 'ओटीपी बाबा' म्हणू लागला. त्याच शालिग्रामने लग्नपत्रिका समजून एक फाइल उघडली. त्यानंतर त्याच्या फोनवरून जबलपूरपासून भंडाऱ्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका गेली, आणि अर्ध्यांनी ती उघडली. नवरा कोण, नवरी कोण, कोणाला ठाऊक नव्हते. तरी आहेर काय द्यायचा यावर चर्चा झाली. शालिग्रामला मी माझा बटणांचा जुना फोन देतो. त्यात काहीच उघडत नाही.

कलम ३. माझा संगणक, त्याचे सुटे भाग, पेचकसांचा संच व वायरींचे खोके नर्मदेला. संगणकात लिनक्स आहे आणि ते काढू नये. विंडोजविषयी माझे मत असे की ती भाड्याची खोली आहे. भाडे आपण भरायचे, आणि घरमालकाने वाटेल तेव्हा आत येऊन कपाट हलवायचे. लिनक्स हे स्वतःचे घर. छत गळले की स्वतःच वर चढायचे. मी पुष्कळदा चढलो आणि दोनचारदा पडलोही. रत्नाकर म्हणायचा, "बाबा, ज्यांना कामं नाहीत त्यांची सिस्टम आहे ही." त्याला कामाची वाटलेल्या सिस्टमने काय केले, ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. माझ्या दिवंगत पत्नीच्या, कुसुमच्या, आवाजाची रेकॉर्डिंग.

ही कशी झाली ते लिहितो. मी जेव्हा जेव्हा नवीन ऑपरेटिंग सिस्टम टाकली, तेव्हा तेव्हा माइक तपासायला कुसुमला हाक मारली. "कुसुम, काही बोल." ती स्वयंपाकघरातून येऊन बोलायची, "काय बोलू? तिकडं भाजी करपून राहिली अन् तुमाले माइक सुचते." नाहीतर, "आता काहून बदललं जी हे? कालपर्यंत तर चालून राहिलं होतं." सिस्टम बदलत गेल्या, बोलणी तीच राहिली. मी एकही पुसले नाही.

कुसुम गेल्यावर वर्षाने घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली. तेवढ्यात रत्नाकर स्पीकर घेऊन उभा राहिला. म्हणाला, "एक सरप्राइज आहे." आणि कुसुमचा आवाज आला: "नमस्कार. माझ्या प्रिय कुटुंबीयांनो, आपण सर्व आज येथे उपस्थित राहिलात, याचा मला अत्यंत आनंद होत आहे."

मग कुसुमची बहीण सुमनबाई म्हणाली, "हे कोण व्हय?"

"मावशी, आई आहे."

"तुही आई अशी कधी बोलली रे? हे तं रेडिओवरची बाई होय."

बॅकअप घेतो म्हणून रत्नाकरने माझी रेकॉर्डिंग नेली होती आणि मेलेल्यांना बोलते करणाऱ्या एका कंपनीला दिली होती. कंपनीचे नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल. तिच्या अटींची पाने त्याने वाचली नव्हती. मी वाचली. 'सेवा सुधारण्यासाठी आवाजाचा इतरत्र उपयोग' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी स्पीकरची वायर ओढली.

"बाबा, लोकं पैसे देऊन करवून घेतात हे."

"लोकं किडनीही विकतात," मी म्हणालो. रत्नाकर न जेवता स्टेशनवर निघून गेला. त्यानंतर आमचे बोलणे फक्त ग्रुपवर, तेही इतरांच्या वाढदिवसाला.

पुढे बातमी आली की त्या कंपनीचा सगळा साठा इंटरनेटवर उघडा पडला होता, कुलूप न लावता. मी ती रत्नाकरला पाठवली. त्याने अंगठा पाठवला. आपल्या देशातली सायबर सुरक्षा बहुतांशी त्या अंगठ्यावर चालते.

एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. असे फोन मी उचलत नाही. त्या दिवशी गॅसवाल्याची वाट पाहत होतो म्हणून उचलला.

"नमस्ते सर. क्या आपके घर में पीने का पानी शुद्ध है?"

आवाज कुसुमचा होता. शब्द तोडण्याची ढब, 'स'वर येणारी बारीक शीळ, सगळे तिचेच. मी म्हणालो, "कुसुम?"

"जी सर, आपका उत्तर दर्ज कर लिया गया है."

ते मशीन आहे हे मला ठाऊक होते. आवाज कुठून चोरला गेला असावा, हेही कळत होते. तरी मी फोन ठेवला नाही. ती विचारत गेली आणि मी उत्तरे देत गेलो. घरात माणसे किती, पाणी कुठून येते, डेमो केव्हा चालेल. 'नाही' म्हटले तर ती फोन ठेवेल म्हणून मी सगळ्याला 'हो' म्हटले. दुसऱ्या दिवशी एक माणूस येऊन स्वयंपाकघरात वॉटर प्युरिफायर बसवून गेला.

नर्मदा खमरियाहून स्कूटरवर आली. मशीन पाहून म्हणाली, "बाबा, हे काहून घेतलं?" माझ्या फोनवर सगळे कॉल रेकॉर्ड होतात. मी तो लावून दिला. तिने पुरता ऐकला नाही. तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, आई पाण्याची मशीन विकून राहिली. घे, ऐक."

रत्नाकर पहिल्या गाडीने आला. सायबर पोलिसात तक्रार दिली, आवाजवाल्या कंपनीला पत्रे लिहिली. उत्तर आले, 'आपली गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे.' मग कंपनीचा नंबर बंद झाला. आवाज कोणाकोणाकडे गेला, कोणी सांगू शकत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. कुसुमचा आवाज कसा बदलणार?

संध्याकाळी मी त्याला मूळ रेकॉर्डिंग ऐकवली. भाजी करपलेली ऐकून तो हसला.

"बाबा, मला माहीत होतं ती अशी नाही बोलत," तो म्हणाला. "पण ह्या सगळ्यात ती तुमच्याशीच बोलते. माझ्याशी कुठंच नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. मला वाटलं, एकदा तरी माझ्याशी..."

मी टोमणा न मारता रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावली.

सबब रेकॉर्डिंगची डिस्क दोघांच्या सामाईक मालकीची राहील. ऐकण्यास बंदी नाही. इथल्या नातवंडांना मराठी बोलता येत नसली तरी समजते, त्यांनाही ऐकवावी. डिस्क इंटरनेटला जोडू नये व कोणत्याही मशीनला शिकवण्यासाठी देऊ नये. वॉटर प्युरिफायर कोणालाही द्यावा.

कलम ५. माझा स्वतःचा आवाज मी कोणालाही देत नाही. माझ्याकडून काही ऐकायचे राहिले, असे रत्नाकरला वाटू नये म्हणून इथेच लिहितो. रत्नाकर, शेवटच्या दिवसांत तुझी आई दाराकडे पाहायची. तुझ्यावर चिडलेली नव्हती. नर्सने तुझ्याविषयी विचारले तेव्हा म्हणाली, "त्याले सुट्टी नसन भेटली. येते तो. त्याच्यासाठी कोणी रागावू नका." हे रेकॉर्ड झालेले नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नर्मदेने करावी. मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली. त्यांनी माझ्यासमक्ष केली. साक्षीदारांना या मिळकतीतून काही मिळायचे नाही. त्यांपैकी श्यामसुंदरजींना मराठी समजत नाही, त्यामुळे मजकूर त्यांच्याकडून फुटण्याची भीती नाही. याहून स्वस्त एन्क्रिप्शन माझ्या पाहण्यात नाही.

सही: अंबादास डोमाजी वासनिक

साक्षीदार:
१. श्यामसुंदर तिवारी, शेजारी, राइट टाउन
२. विष्णुपंत देशकर, निवृत्त शिक्षक, राइट टाउन

स्थळ: जबलपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५