रोज पाच शब्द

प्रिय आई,

आज शनिवार. सोसायटीच्या हॉलमध्ये कन्नडचा वर्ग असतो, त्याला आजही गेलो नाही. सलग तिसऱ्यांदा. आठवडाभर व्हाइटफील्डच्या ऑफिसला ये-जा करून अंगात काही उरत नाही, असं सायलीला सांगितलं. बायको म्हणून तिने ऐकून घेतलं. तुला काय सांगू? आणि सकाळी जे कळलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बाबा गेल्यावर तू चाळीसगावहून आमच्याकडे सर्जापूर रोडला आलीस, तेव्हा एकसष्ट वर्षांची होतीस. दुसऱ्याच आठवड्यात म्हणालीस, "वर्षभरात मी इथली भाषा बोलणार. दारात आलेल्या माणसासमोर किती दिवस मुक्यासारखं उभं राहायचं?"

मी हसलो. "आई, इथे हिंदीत चालतं सगळं." बारा वर्षं मी तसंच चालवलं होतं.

तू रोज पाच शब्द ठरवलेस. गेटबाहेर भाजीची गाडी लावणारी लक्ष्मम्मा तुझी मास्तरीण. तिच्याकडून शब्द वहीत उतरवून आणायचीस आणि पोळ्या लाटताना घोकायचीस. अंगात ताप असतानाही खाली उतरलीस, तेव्हा मी चिडलो. तू शांतपणे म्हणालीस, "आज नाही गेले तर उद्या न जाणं सोपं होईल."

तुझ्याबरोबर मीही शिकायचं ठरवलं होतं, आठवतं? अकरा दिवस टिकलो. त्याच जानेवारीत जिमही लावली होती, तीही सुटली. तू एकदाही टोमणा मारला नाहीस. मारायला हवा होतास गं.

दहाव्या महिन्यात तू लक्ष्मम्माशेजारी स्टुलावर बसून पोटभर गप्पा मारायला लागलीस. ऑफिसच्या कॅबमधून उतरताना मी बघायचो. तुम्ही कशावर हसताय, ते मला कळायचं नाही.

मग तुझं हृदय बिघडलं. हॉस्पिटलमधली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सिस्टर सलाईन बघत होत्या आणि तू त्यांचा हात धरून हळूच कन्नडमध्ये काही बोललीस. त्यातला एकच शब्द मला कळला. भय. तो आपल्याकडेही तोच आहे.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही रे. पाणी मागितलं."

मी मान डोलावली आणि ग्लास पुढे केला. तू दोन घोट प्यायलीस. चौथ्या दिवशी गेलीस.

आई, मला का नाही सांगितलंस? मी घाबरेन म्हणून? की मान डोलावून मी मोकळा होतो, हे तुला ठाऊक होतं?

तू गेलीस तेव्हा लक्ष्मम्मा तिच्या गावी होती. पाच महिन्यांनी, या आठवड्यात परतली. आज वर्गाची वेळ टळल्यावर मी खाली गेलो, तर तिने हाक मारली, "अम्मा एल्ली?" आई कुठेय?

"अम्मा तीरिहोदरु," मी म्हणालो. आई वारली. चौदा वर्षांत कन्नडमध्ये बोललेलं माझं पहिलं पूर्ण वाक्य.

तिने हातातला तराजू खाली ठेवला. रडत रडत बराच वेळ बोलली. मी सवयीने मान डोलावायला लागलो होतो. मग थांबलो आणि म्हणालो, "इन्नोंदु सल हेळी." पुन्हा एकदा सांगा. वर्गात पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलेलं वाक्य.

छातीवर हात ठेवून, बोटांवर महिने मोजून, लहान मुलाला सांगावं तसं तिने मला कळेपर्यंत सावकाश सांगितलं. हॉस्पिटलच्या दोन महिने आधीपासून तुझ्या छातीत दुखत होतं. तू तिला बजावलं होतंस, मुलाला सांगू नकोस, तो दमून येतो. तरी तिने गावी जायच्या आधी मला दोनदा गेटवर थांबवलं होतं. दोन्ही वेळा मी "सरी, सरी" म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, असं म्हणत पुढे निघून गेलो होतो.

मला आठवतंय, आई. मला वाटलं होतं, ती भाजीचं काही सांगतेय.

वर्षभरात कन्नड बोलेन, असं वचन आज देत नाही. तसली वचनं मी फार मोडली आहेत आणि आता मनाने थकलोय. एवढंच कबूल करतो, की कळलं नसताना मान डोलावणार नाही. थांबेन, पुन्हा विचारेन. गेटवर लक्ष्मम्माला, आणि घरात "काही नाही" म्हणणाऱ्या सायलीलाही.

तुझा,
विनय