रखमाची पणती

अंबड, त्रिपुरी पौर्णिमा, १९४७

आमच्या मठाची रीत अशी, की वर्षभरात ज्या लेकराला आसरा दिला, त्यानं आज गावासमोर एक पणती लावायची. त्या पणत्यांवरून गाव आमचं वर्षाचं काम पाहतं. सवयीनं मी रखमाच्याही हाती पणती दिली. कशी विसरले मी? तिचा बाप संस्थानाविरुद्धच्या सत्याग्रहात फरार, तिला तर आम्ही लपवून ठेवलंय. चौकीचे मुख्य, पोलीस अमीन, समोरच बसले होते.

"ही पोरगी कुणाची?"

"माझ्या बहिणीची."

"मंग उद्या बहिणीला चौकीवर आणा."

मला बहीणच न्हाई. काय करू?

रखमा मात्र खुशीत आहे. म्हणते, सगळ्यांच्या विझल्या, माझीच पणती शेवटपर्यंत जळली.