उधाणाच्या दिवशीची हजेरी

२५ जानेवारी १९५४
वरून पत्र आलं. ३ फेब्रुवारीला दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. पटावर सव्वीस मुलं. त्यातली वीस हजर नसली तर शाळा बंद. मग मुलांनी पेणला जायचं — चार मैल. मिठागरातली पोरं जातात कसली! मीठच ओढत बसतील.

२७ जानेवारी
पालकांना बोलावलं. हौसाचा बाप सखा म्हणाला, "बाय, तीन तारकेला एक पोर घरी ऱ्हायलं तर माजं नाव बदला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश.

३१ जानेवारी
हौसाची आजी धोंडुबाई खाडीतली मासळी, बोयटं, घेऊन आली. जाता जाता म्हणते, "रेचलबाय, तीन तारकेला आवस हाय गो."
अमावस्या! म्हणजे उधाण. लहानथोर सगळे बांधावर, चिखलाचे गोळे हातोहात. बांध फुटला तर अख्ख्या हंगामाचं मीठ खाडीत. सभेत कुणाच्या लक्षात आलं नाही — त्यांना तारीख कळत नाही, मला तिथी. खरं तर आम्हा बेने इस्रायलींचेही सण चंद्रावरच धरतात. मला तरी कळायला हवं होतं. स्वतःचाच राग आला.
तपासणी दोन दिवस पुढे ढकला, असं पत्र पाठवलं.

२ फेब्रुवारी
उत्तर आलं. सरकारी काम तिथीवर चालत नाही.
खाडीला तसं कळवायला हवं.

३ फेब्रुवारी
साहेब अकराला आले. शाळा भरलेली. सव्वीसच्या सव्वीस — सगळी पांढऱ्या केसांची. ज्यांना चिखलात उभं राहवत नाही ते आजी-आजे नातवंडांच्या जागी पाटी घेऊन बसलेले. मी बोलावलं नव्हतं. शपथ!
साहेबांनी हजेरी घेतली. "हौसा सखा?"
"हजर," धोंडुबाई म्हणाली.
"वय?"
"नव असंल."
साहेब हसले नाहीत. मीही नाही. जाताना ते बांधावर गेले. तिथे पोरं गुडघाभर चिखलात. बराच वेळ बघत राहिले, मग सायकलवर बसून गेले. बांध टिकला. मी घरी येऊन रडले.

१६ फेब्रुवारी
आदेश. बालके हजर नसल्याने शाळा बंद. मात्र प्रौढांची शिक्षणाची आवड पाहून संध्याकाळचा प्रौढ वर्ग मंजूर. शिक्षिका मीच.
सखा खाली मान घालून म्हणाला, "बाय, आता पोरांचं काय?" धोंडुबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "मंजूर झालाय ना? मंग."

२२ फेब्रुवारी
प्रौढ वर्गाचा पहिला दिवस. हजेरी घेतली.
"धोंडुबाई?"
हौसा उभी राहिली. "हजर."
"वय?"
"पासष्ट."
लिहून घेतलं.