पोहे खाऊन पसंत केलेला प्रकाशक

आंग मो किओ, सिंगापूर
ऑगस्ट १९९६

ती. मामांना,

प्रसन्नचा वाकून नमस्कार, मामींनाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही तिघंही ठणठणीत, म्हणजे शरीराने. नीता सध्या माझ्याशी आमटी-भातापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

कारण आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ, ‘नावाडी’. (मामींना सांगा, पत्त्यांसारखा व्यसनाचा नव्हे.) शेळी, नवरदेव आणि भांडखोर कोळीण यांना एका होडीत बसवून खाडीपलीकडे न्यायचं आणि होडी कलू द्यायची नाही, एवढाच तो. ऑफिसातून आल्यावर मी प्रोग्रॅम लिहायचा, नीताने चित्रं काढायची, अशी काही वर्षं गेली. एकट्या शेळीचे कान तिने किती वेळा पुसून काढले असतील, देव जाणे. असं लेकरू द्यायचं तर घर बघून द्यावं म्हणून मी प्रकाशक शोधायला निघालो, आणि तिथेच घात झाला.

पहिल्या भेटल्या मिसेस लिम. नोव्हेना भागात दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस. त्यांनी खेळ खेळून पाहिला, शेळी बुडाली तेव्हा चक्क हळहळल्या, आणि मग जाडजूड करार पुढे सरकवला. पहिल्या पडद्यावर आमची दोघांची नावं, विक्री थांबली तर खेळ आम्हाला परत, भांडण झालं तर निवाडा कुणी करायचा, सगळं लिहिलेलं. वर इथल्या इंग्रजीत म्हणाल्या, “टुडे डोन्ट साइन लाह, शो युवर लॉयर फर्स्ट.” मला रागच आला. अक्षता पडायच्या आधी काडीमोडाच्या गोष्टी! नीता म्हणाली, बाई सरळ आहेत. मी म्हणालो, तुला व्यवहार कळत नाही. (हे वाक्य आता घरात मलाच ऐकवलं जातं.)

मग हेमचंद्र. (हो, तुम्ही विचारलेला तोच. त्या विषयाकडे येतोच आहे.) पासिर रिसला राहतो, खेळांच्या सीडी काढून दुकानांना विकतो. मी आपल्या पद्धतीने चौकशी केली: मूळ गाव कुठलं, वडील काय करायचे, दारू-सिगरेट आहे का, संकष्टी धरतो का. घरी पोह्यांना बोलावलं. पठ्ठ्याने खाऊन झाल्यावर बशी स्वतः धुतली आणि आमच्या तन्वीकडून शुभंकरोती म्हणून घेतलं. मी विरघळलो. याआधी कुणाचे खेळ काढले, त्या लोकांना एकदा भेटू का, हे विचारायचं सुचलंच नाही. कराराचं काढलं तर म्हणाला, “आपल्यात कागद कसले, प्रसन्नराव?” मला भरून आलं. सगळ्या डिस्क मीच त्याच्या हाती दिल्या, वर नारळही दिला.

परवा सीडी दुकानात आली. नाव ‘रिव्हर कमांडो’. नावाड्याच्या हातात बंदूक, कोळीण शत्रूची हेर, आणि शेळी पाण्यात पडली की स्फोट होतो. पहिल्या पडद्यावर एकच नाव, हेमचंद्रचं. तन्वी पडद्याला नाक लावून शोधत राहिली आणि म्हणाली, “आई, युवर नेम व्हेअर? गॉन ऑलरेडी लाह.” नीता उठून आत गेली. मामा, मला फार वाईट वाटतंय. मी हेमचंद्रला फोन केला, तर म्हणाला, घरच्या घरात नावाचं काय एवढं! मिसेस लिमकडेही जाऊन आलो. त्या रागावल्या नाहीत, फक्त कागद कुठे आहे म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

बाकी क्षेम. तुमच्या मधुराला आशीर्वाद.

तुमचा (घराण्यात हुशार समजला गेलेला) भाचा,
प्रसन्न

ता. क. मधुरासाठी स्थळ म्हणून हेमचंद्रची चौकशी करायला तुम्ही लिहिलं होतंत. ती झालेलीच होती. निर्व्यसनी आहे, संकष्टी धरतो, बशी धुतो. मी जे जे विचारलं ते सगळं खरं निघालं.

ता. क. २. पाकीट बंद करतोय तोच मामींचा फोन आला की मधुराला तो पसंत आहे आणि याद्या ठरताहेत. मग माझी एक विनंती. मानपानात मला काही नको. याद्यांत एवढंच कलम घाला: ‘नावाडी’ शेळीसकट परत, आणि पहिल्या पडद्यावर नीताचं नाव. सासऱ्यासमोर तो नाही म्हणायचा नाही.

ता. क. ३. नीताने आत्ता हे सगळं वाचलं. म्हणते, माझ्या नावाचं कलम खोडा आणि त्या जागी लिहा, लग्नात मधुराचं नाव बदलायचं नाही. आणि याद्या करायच्या आधी हे पत्र मधुराला वाचायला द्या.