गोंदलेल्या जागेवर

दिवेआगर,
२२ नोव्हेंबर

विनेश यांस,

जागृतीचा नमस्कार. वरती आधी 'अहो' लिहिलं होतं, मग दुसरा कागद घेतला. नाव लिहिलं तेही परकं वाटतंय, पण राहू दे.

इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा आहे तसाच आहे, जीभही आहे तशीच आहे. वादळानंतर लावलेल्या पोफळींना या वर्षी पहिल्यांदा सुपारी धरली. मागच्या दोन्ही खोल्या शनिवार-रविवार भरलेल्या असतात. पाहुण्यांना मोदकही हवे असतात आणि एसीही हवा असतो. त्यातले मोदक मी देते. फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता, मागे न्हावा शेवाच्या यार्डातले भोंगे वाजत असतात, म्हणून लिहायला बसले.

माझ्या साखरेचं तुम्हाला आईंनी सांगितलं असेलच. इन्सुलिन चालू झालंय. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी दंडाला एक चकती लावून दिली. पांढरी, नाण्याहून जराशी मोठी. तिची केसाएवढी तार कातडीत जाते आणि मोबाइल जवळ नेला की साखरेचा आकडा दिसतो. दोन आठवड्यांनी नवी लावायची. सारखं बोट टोचायचं वाचतं. दुखत नाही. तसं मला आताशा फारसं काहीच दुखत नाही, पण ते चकतीमुळे नव्हे.

पहिली चकती सिस्टरने उजव्या दंडाला लावली. डाव्या दंडावरचं नाव बघून म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी घरी लावाल तेव्हा इथे नको हं. गोंदलेल्या जागेवर लावायची नसते. शाईवर आकडा बरोबर येईलच असं नाही."

दुसरी मी घरी लावली. डाव्या दंडाला, बरोबर नावावर, आणि निघू नये म्हणून वरून रुंद पट्टी मारली. उजव्या कुशीवर झोपते म्हणून, असं डॉक्टरांना सांगितलं. उजवीकडे खाज सुटते म्हणून, असं आईंना. तुमच्यासाठीही एखादं कारण शोधता आलं असतं.

खरं कारण पाहुणे. वाढताना बाही वर सरकली की बायका विचारतात, "कोणाचं नाव? मुलाचं का? कितवीला आहे?" मी सांगते. सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, हातातला घास हातात राहतो, आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागते. घ्या ना, आमटी गार होतेय, असं म्हणत. सात वर्षं हे चाललंय. चकती आली तशा त्याच बायका विचारायला लागल्या, "अय्या, हे काय?" मी म्हणायची, शुगरचं मशीन. मग त्या त्यांच्या सासूची शुगर सांगायच्या, मेथ्या सांगायच्या, कारल्याचा रस सांगायच्या आणि पोटभर जेवून उठायच्या. मला बरं वाटलं. खरंच सांगते, खूप बरं वाटलं.

चौलच्या दत्ताच्या जत्रेत आपण गोंदवून घेतलं ते आठवतं ना तुम्हाला? तेव्हा माझ्या माहेरी गेलो होतो. गोंदणाऱ्याने अक्षरांचे नमुने पुढे केले, तर आपला पोरगा म्हणाला, "मीच लिहितो." त्या माणसाच्या खिशातलं बॉलपेन काढून आधी माझ्या दंडावर लिहिलं, मग तुमच्या. जीभ बाहेर काढून, शेवटचं अक्षर पार खाली उतरलेलं. त्या माणसाने हसत त्याच्यावरूनच मशीन फिरवलं. पुढच्या भाद्रपदात त्याला ताप आला आणि चार दिवसांत संपलं. नंतरच्या वादळात कौलं उडाली तेव्हा त्याच्या वह्यांचा लगदा झाला. म्हणजे त्याचं अक्षर उरलं ते दोनच ठिकाणी, तुमच्या दंडावर आणि माझ्या.

गेल्या वैशाखात तुमच्या भाचीने, रुचिकाने, तिच्या हळदीचे फोटो पाठवले. तुम्ही बनियनवर नाचताय. चांगले नाचता अजून. आणि दंडावर, त्याच जागी, पंख पसरलेला काळा गरुड. त्या दिवशी मनात मी तुम्हाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चीड आली, किळसही आली. मग दोन-चार दिवसांनी तेही गेलं. तेव्हापासून आत नुसतं सपाट आहे. रडू येत नाही आणि येत नाही याचंही काही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या सोमवारी मोबाइलवर आकडा फार चढलेला दिसला. त्या हिशोबाने जास्त इन्सुलिन घेतलं आणि वाडीत शिंपणं करायला गेले. पंप चालू केला आणि हातपाय थरथरायला लागले, घामाने न्हाले, पाटातच बसले. उठता येईना. आई कशा आल्या कोण जाणे, त्या गुडघ्याने. तोंडात गुळाचा खडा कोंबून बसल्या. तोवर शेजारच्यांनी गाडी काढली. डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं तर साखर पार तळाला, आणि चकती अजून चढलेलीच दाखवत होती. डॉक्टर म्हणाले, "ती तिथून काढा. आकड्याची शंका आली की बोट टोचून बघत जा. पुढच्या वेळी तुमच्या सासूबाई वेळेवर पोचतीलच असं नाही."

तरी मी काढली नाही. आज काढते, उद्या काढते करत राहिले. नाव परत उघडं पडू नये म्हणून जीव गेला असता तरी चालला असता, असं नव्हतं. पण हात तिकडे जातच नव्हता.

काल आई भाकरी खाता खाता मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "माज्या पोरान गरुड बसवलान, नि तू बटण बसवलंस. तू भाकरी थापतानी मी रोज बघत असते त्या दंडाकडं. म्हाईत न्हाय तुला. आता मी माज्या नातवाचा अक्षर कुठं बघू गो?"

मला खरंच माहीत नव्हतं. सात वर्षं मला वाटायचं, ते नाव माझंच एकटीचं ओझं आहे.

आज सकाळी तेल लावून पट्टी आणि चकती सोडवली. खाली गोल लाल वळ, कातडी सोललेली, आणि मधलं अक्षर दिसेचना. क्षणभर वाटलं, डिंकाबरोबर निघून आलं. घाबरून तशीच मोरीकडे धावले. किती दिवसांनी काहीतरी वाटलं. धुतल्यावर दिसलं. आहे. आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. मग नवी चकती त्यांनीच माझ्या उजव्या दंडावर दाबून लावली.

दुपारी पुण्याचे पाहुणे होते. त्यांच्यातल्या बाईने विचारलं, "मुलाचं नाव का? कितवीला आहे?" मी सांगितलं. तिने हातातला मोदक खाली ठेवला. मी म्हटलं, घ्या, वर तूप घालते. पूर्वीइतकंच जड गेलं, कमी नाही आणि जास्तही नाही.

तुम्हाला बोल लावायला हे लिहिलं नाही. तो हक्क मी त्या पट्टीखाली घालवला. गणपतीत आलात तेव्हा भर उकाड्यात पूर्ण बाह्या घालून बसला होतात आणि आई पंखा वाढवत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. पुढच्या खेपेला हाफ शर्ट घालून या. गरुड तर गरुड. वरून काहीही गोंदलं तरी खालची शाई जात नाही म्हणतात. आईंना बघू दे, मलाही बघू दे.

खाली 'तुमची' लिहावं की नाही ते कळत नाही. म्हणून जे नक्की आहे तेवढंच लिहिते.

पियूषची आई