डाव्या काठाला खळ

बाबा,

खळ फक्त डाव्या काठाला लाव, असं तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. एवढंच लिहायचं आहे खरं तर, पण नुसतं एवढं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, कोणती खळ, कोणतं पान, नीट सांग. म्हणून नीट सांगतो.

तुम्ही तोफांच्या फॅक्टरीची नियमांची जाडजूड पुस्तकं कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणायचे. नियम बदलला की वरून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या कापून जुन्या परिच्छेदावर चिकटवायच्या. मैद्याची खळ तुम्ही स्वतः स्टोव्हवर शिजवायचे, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, आणि आई ओरडायची, "अहो, माझ्या स्वयंपाकघरात विष काहून शिजवून राहिले?" मग तुम्ही त्या पातेल्याच्या कडेला लाल रंगाची रेघ ओढली. ते पातेलं आज अधारतालच्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात आहे, रेघ अजून दिसते.

त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, म्हणून चिठ्ठ्या मी लावत होतो. तेवीस वर्षांचा होतो, बेकार, आणि तरी सगळं कळतं अशा तोऱ्यात. बाजारातला गोंद आणला आणि चिठ्ठी पाठभर माखून पक्की बसवली. तुम्ही नखानं तिचा कोपरा उचलायला पाहता आहात, तो सुटत नाही. "हे काय केलं? खालचं वाचता आलं पाहिजे." मी म्हणालो, "काहून? रद्द झालं न ते." तुम्ही म्हणालात, "रद्द झालं, खोटं नाही झालं." मी हसलो. "पण बाबा, वाचणार कोण आहे?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ज्याला शंका येईल तो." मग तुम्ही दुसऱ्या प्रतीवरून तो झाकला गेलेला परिच्छेद पातळ कागदावर उतरवून काढला आणि समासात डाव्या काठानं लावला. डोळ्यांतून पाणी गळत होतं तुमच्या, औषधाचं. मी आत जाऊन झोपलो.

माझा खेळ तुम्हाला आठवत असेल. छावणीतल्या एका कॅप्टनसाहेबांनी बदली होताना मला बोटभर सैनिकांचा डबा आणि त्या खेळाचं पुस्तक दिलं होतं. टेबलावर फौजा मांडायच्या, इंचांनी मोजून हलवायच्या, फासे टाकून लढायचं. तुम्ही विचारलं, "ही तुझी बुटक्यांची फौज लढते कोणाशी?" मी म्हटलं, भुतांशी. "मग ठीक आहे, युनियन नाही त्यांची." मी केलेली तोफ तुम्ही भिंगातून तपासली, जशी फॅक्टरीत खरी तपासायचे, आणि नापास केली. चाकाला आरे सहा होते, पाहिजेत बारा. मी चाकं परत केली, बारा आऱ्यांची. तेव्हा तुम्ही तुमची सहा इंची पोलादी पट्टी माझ्या हातात दिली. शाबासकी काही दिली नाही.

इंग्रजी मी त्याच पुस्तकावरून शिकलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. मास्तर कोणी नव्हता. खेळाच्या आवृत्त्या बदलत गेल्या, पण आमच्या बुटक्यांकडे खेळ काढणाऱ्या कंपनीचं लक्ष नव्हतं. त्यांच्या फौजेच्या नियमांचं पुस्तक तेच राहिलं, फक्त दुरुस्तीची पानं येत गेली आणि मी ती कापून लावत गेलो. राइट टाउनला एका कोचिंग क्लासच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही दहाबारा जण खेळतो. वाद झाला की सगळे म्हणतात, "काकाजी की किताब देखो." चार वर्षांत वार्षिक सामना मी तीनदा जिंकलो. तोफेनं जिंकलो. पुढे सरकवायची आणि डागायची.

यंदा बुटक्यांना नवीन पुस्तक मिळालं. नागपूरहून बदली होऊन आलेली बँकेतली एक मुलगी आहे, गेल्या वर्षी अंतिम फेरीत माझ्याकडून हरली होती. ती मागच्या रविवारी म्हणाली, "काका, हलवलेली तोफ त्या पाळीत मारत नाही न. आणि इथे लिहून आहे, हा नियम जुनाच आहे, बदललेला नाही." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तुम्ही पुस्तक काल घेतलं. मी आवृत्त्या कोळून प्यायलो." बाकीचे हसले. "दीदी, काकाजी से पंगा मत लो." तिनं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी माझं पुस्तक काढलं. हलवलेली तोफ त्या पाळीत मारत नाही, ही दुरुस्तीची चिठ्ठी होती, पण साध्या तोफेच्या पानाऐवजी उखळी तोफेच्या पानावर. उखळी तोफ माझ्या फौजेत कधी नव्हतीच, त्यामुळे ते पान मी कधी उघडायचो नाही. चिठ्ठी पाठभर गोंदानं बसवलेली, माझ्याच सवयीनं. वाफ देऊन सोडवली, तर खाली उखळी तोफेचा नियम, धडधाकट, कोणी न बदललेला. दोन्ही तोफांच्या परिच्छेदांचा क्रमांक चौदा, प्रकरणं वेगळी, तिथेच मी चुकलो. डाव्या काठाला खळ असती तर कोणत्याही रविवारी, कोणीही, ती उचलून पाहिली असती.

उद्या रविवार आहे. मी जाणार आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर पुस्तक उघडून दाखवणार, तीन सामन्यांचं सांगणार, आणि त्या मुलीची माफी मागणार, तीही सगळ्यांसमोर, कारण अपमान तसाच केला होता. तोफ नेणार आहेच. एका जागी उभी राहून डागेल, बारा आरे आहेत तिला. आज खळ शिजवली, मोरचूद घालून. चिठ्ठी योग्य पानावर लावली, डाव्या काठाला. ती उचलली की खालचं वाचता येतं, मी चारदा पाहिलं.

हे पत्र त्याच पानाशी, तसंच काठाला लावून ठेवतो. तुम्ही गेलात, आता दुसरं कुठे टाकणार? एक मात्र राहिलं. ती चिठ्ठी मी मंगळवारीच सोडवली होती. बुधवारी, कोणाला कळू नये म्हणून, ती परत जिथे होती तिथेच बसवली, गोंदानं, पाठभर, आणि पुस्तक दोन दिवस वजनाखाली ठेवलं.