हातमोज्यांबाबतची दुरुस्ती आणि माझ्या वस्तूंची व्यवस्था

आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की आमच्या वृद्धाश्रमात केस विंचरतानाही हातमोजे घालण्याचा नियम सर्व सेविकांना आहे. हे चूक आहे. नियम फक्त पुलापलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या आम्हा चौघींना आहे. मोडला तर नोकरी जाते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

मी, वय सव्वीस, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आहे. घाबरले आहे, पण माझ्यावर कोणाचे दडपण नाही. धाकटी बहीण म्हणते, "ताई, नोकरी जाईल म्हणून कोणी मृत्युपत्र करतं का?" बाबांनी आम्हाला घरीच शिकवले की मोठ्या कामाआधी मागची व्यवस्था लिहून ठेवावी. कोणते काम मोठे, हे सांगायचे राहून गेले.

कामाचे पांढरे बूट नोकरी गेल्यास लगेच धाकटीला. सैल होतील, पुढे कापूस घालावा. शिलाई मशीनही तिलाच, पण मी मेल्यावर. आजारी माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हे आईने मला आजोबांच्या पलंगाशी शिकवले. ते धाकटीला देता येत नाही, तिला किळस येते.

मेट्रनबाईंवरचा राग कोणाला द्यावा, कळत नाही. बाबा गेले तेव्हा त्या माझे हात धरून बसल्या होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी हातमोज्यांचा खोका दिला. "तुमच्याकडच्या मुलींबद्दल नातेवाइकांच्या तक्रारी येतात गं. मनाला लावून घेऊ नकोस." मी "थँक्यू" म्हणाले. का, कोण जाणे. जखम धुताना हातमोजे हवेतच. पण वेणी घालताना? बाकीच्यांना नकोत, मग माझ्याच हातांना काय झाले आहे? मी ते उन्हात धरून पाहिले.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना दिसत नाही. पूर्वी हात लावताच म्हणायच्या, "आलीस का गं पोरी?" आता विचारतात, "कोण ही प्लास्टिकबाई? माझी पोर कुठे गेली?"

"आजी, मीच आहे."

"आवाज काय, कोणीही काढेल."

धाकटीला वस्तू मिळणार असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती रुसली आहे.

साक्षीदार:
१. शेजारच्या मावशी
२. इस्त्रीवाले काका (आधी "जाऊ नकोस" म्हणाले, मग सही केली)

सही: थोरली
ठिकाण: आमची खोली, खिडकीपाशी
दिनांक: शनिवार, ११ मे

उघड्या हातांनी आजींची वेणी घालण्याचा दिवस: सोमवार, १३ मे.